बांध राखणाऱ्यांचा अभ्यासक्रम

अभ्याससहलीची बस पेणला आली की ती कुठे थांबणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गणपतीच्या कारखान्यापाशी. विद्यार्थी आर्किटेक्चरचे असोत, नगररचनेचे असोत की समाजशास्त्राचे, ते हमरापूरला, जोह्याला किंवा पेण शहरातल्या एखाद्या आळीत उतरतात, ओळीने मांडलेल्या कच्च्या मूर्तींचे फोटो काढतात, डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा हात थक्क होऊन पाहतात आणि संध्याकाळी परततात. महिनाभरात एक देखणे पोस्टर तयार होते. त्यात गल्लीचा छेद असतो, ओसरीवर बसलेली माणसे असतात, रंगीत बाण असतात आणि शेवटी एक प्रस्ताव असतो: मूर्तिकारांसाठी चौक, दगडी बाक, जमल्यास कमान. याला सध्या प्लेसमेकिंग म्हणतात.

त्या पोस्टरमध्ये खोटे काही नसते. पण त्यावरून पेणमध्ये गणपती का होतात आणि पुढे होतील की नाही, हे मात्र कळत नाही. शाडूची माती पेणची नाही, ती गुजरातेतून येते. प्लास्टरची पोतीही बाहेरचीच. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे, काही परदेशातले. पेणचे म्हणावे असे त्यात आहे ते कारागिरी, उधारीचे व्यवहार आणि दीडेकशे वर्षे टिकवलेले नाव. या तिन्हींना गेल्या काही वर्षांत धक्का बसला तो चौक नव्हता म्हणून नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची कडक अंमलबजावणी करा म्हणून बजावले. त्याच वर्षी जूनमध्ये मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक मिळाली, विसर्जनाचा घोळ मात्र राहिला. साचे करून बसलेल्या, हंगामासाठी कर्ज उचललेल्या कारखानदाराला ही पाच वर्षे कशी गेली, हे विद्यार्थ्याने विचारले असते तर त्याला पेण कळायला सुरुवात झाली असती.

माझे म्हणणे थोडक्यात असे: विद्यापीठात ठिकाण घडवण्याचा अभ्यास शिकवायचा असेल, तर त्याची सुरुवात रचनेपासून करू नये, डागडुजीपासून करावी. गाव उभे असते, कारण कुणीतरी ते दर पावसाळ्यात, दर हंगामात दुरुस्त करत असते. ते कोण करते, कुणाच्या खर्चाने करते, कोणत्या हक्काने करते आणि तो हक्क काढून घेतला की काय होते, हे समजल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हातात पेन्सिल देऊ नये. पेण आणि रोहा हे दोन तालुके हा धडा शिकायला इतके सोयीचे आहेत, की त्यांच्याकडे फक्त पेणच्या मूर्ती आणि कोलाडचे राफ्टिंग म्हणून पाहणे हा शिक्षकाचा आळस म्हटला पाहिजे.

आधी पेणच्या खारेपाटाकडे जाऊ. वाशी, शिर्की, दादर ही गावे आणि त्यांच्या भोवतीची सपाट भातखाचरे पाहणाऱ्याला ही निसर्गाचीच देणगी वाटते. प्रत्यक्षात ही जमीन माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीकडून काढून घेतली आहे आणि खाडी ती दर उधाणाला परत मागते. खाडीच्या अंगाला असतो तो बाहेरकाठा, म्हणजे मुख्य बांध. बांधात ठिकठिकाणी उघाड्या. ओहोटीला त्या उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला बंद ठेवायच्या. पाऊस जमिनीतले मीठ धुतो, म्हणून भात येते. बांधाला खांड गेली आणि खारे पाणी आत आले, की त्या वर्षीचे पीक तर जातेच, शिवाय ते मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. म्हणजे इथे जमीन ही वस्तू नाही, ते चालू ठेवलेले काम आहे.

या कामाचे ज्ञान कुठल्या पुस्तकात शोधायला गेलात तर फार मिळणार नाही. खेकड्याने पाडलेले बीळ कुठले निरुपद्रवी आणि कुठल्या बिळातून उद्या बांध फुटेल, चिखल कुठून कापायचा आणि थर कसे द्यायचे, हे हाताला माहीत असते. भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला तीनने गुणायचे आणि चाराने भागायचे. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला-अवसेला अकरा-साडेअकराच्या पुढे. नगररचनेच्या पदवीधराला हे गणित येत नसेल, तर खारेपाटाच्या नकाशावर त्याने एकही रेघ मारू नये, असे मी म्हणेन. हे जरा जास्तच कडक आहे, पण असू दे.

या कामामागे हक्कांचीही एक रचना होती. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये शिलोत्री जमिनींची नोंद आहे. ज्याने खार बांधून घेतली आणि बाहेरचा बांध राखला, त्याला त्याबद्दल धान्याचा वाटा. ही काही रामराज्याची गोष्ट नव्हती. बांध राखण्याचा मोबदला आणि कुळाची पिळवणूक यांतली सीमारेषा पुसट होती आणि खोतांच्या अमलाखाली ती आणखी पुसट झाली. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ जमिनी ओस टाकून संप केला तो याच खाऱ्या मुलखात. संपाला डॉ. आंबेडकरांनी पाठबळ दिले आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ज्या जमिनीचा बांध रोज राखावा लागतो ती जमीन सहा हंगाम सोडून देणे म्हणजे काय, याचा अंदाज शहरात बसून येत नाही. पीक सोडणे एक, आणि खाडीला दार उघडे ठेवणे वेगळे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये आणि मग १९७९ मध्ये खार जमिनींचे कायदे झाले, बांधबंदिस्ती सरकारी खात्याकडे गेली. हेतू चांगला होता. गावाला न पेलणारा खर्च सरकारने उचलावा, यात गैर काय? पण त्याबरोबर गावाची सवय गेली. पूर्वी घरटी माणूस बांधावर जायचा, आता निविदेची वाट पाहायची. निविदेला तिथी कळत नाही. एका उधाणाला पडलेली खांड पुढच्या उधाणाआधी बुजवली नाही तर ती दुप्पट होते, आणि कागद तोवर टेबलावरच असतो. खाडीतून ये-जा करणाऱ्या बार्जच्या लाटांनीही बांध धुपतात, अशी डोलवीच्या बाजूच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. मग त्या पडीक, खाऱ्या जमिनीत तिवरे उगवतात. तिवरांच्या या कांदळवनांना उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे. पण मग सातबाऱ्यावर भातशेती, जमिनीवर जंगल, आणि बांध परत घालायचा तर परवानगी नाही, असे त्रांगडे तयार होते. मुंबईहून आलेला विद्यार्थी त्या पट्ट्याला नकाशात हिरवा रंग देतो आणि खाली ‘नैसर्गिक वारसा’ असे लिहितो. तो वारसा न झालेल्या दुरुस्तीचा आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

इथे एका विद्यापीठाचे श्रेय द्यायला हवे. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे भाताचे वाण काढले. त्यांच्या संशोधकांना क्षार, पाऊस आणि खाचर हे तिन्ही बरोबर घेऊनच काम करावे लागले, कारण भाताला फसवता येत नाही. समाजशास्त्राला आणि वास्तुशास्त्राला फसवणे सोपे जाते. पण वाण कितीही चांगले असले तरी बांध गेला की तेही जाते. बियाणे संशोधन केंद्राने दिले, बांधाचे शास्त्र कोणत्या विभागात शिकवतात?

मुंबई विद्यापीठात असा एक विभाग होऊ शकला असता, नव्हे, त्याची सुरुवात झाली होती. १९१९ मध्ये त्या विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ-नगररचनाकार नेमला. आधी पाहणी, मग योजना, हा त्याचा आग्रह. ठिकाण, काम आणि लोक या तिन्हींचा एकत्र अभ्यास करायचा, एक सुटे घ्यायचे नाही. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एका नदीखोऱ्याचा उभा छेद काढायचा आणि त्यावर लाकूडतोड्या, मेंढपाळ, शेतकरी, कोळी असे कोण कुठे काय करतो ते मांडायचे, ही त्याची प्रसिद्ध शिकवणूक. भारतातल्या शहरांसाठी त्याने केलेल्या अहवालांत जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याला विरोध आहे. दुखरा भाग तेवढा काढावा, बाकी राखावे, हे त्याचे धोरण. इंदूरला प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीची मिरवणूक काढवली आणि जाहीर केले की ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत जास्त दुरुस्त आणि स्वच्छ होतील, तिथूनच मिरवणूक जाईल. लोकांनी घरे झाडली, भिंती लिंपल्या, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर गेल्या. शहर घडवणे म्हणजे दुरुस्तीला मान देणे, हे त्याला समजले होते. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, ती आळीआळीतून फिरते. गेडिसने रोह्याचा नकाशा आधी त्या पालखीच्या वाटेवरून काढला असता, असे मला राहून राहून वाटते.

१९२४ मध्ये गेडिस मुंबई सोडून गेला आणि विभाग गो. स. घुर्यांकडे आला. घुर्ये मोठे विद्वान. त्यांच्यामुळे भारतीय समाजशास्त्र उभे राहिले, याबद्दल दुमत नाही. पण त्यांचा ओढा ग्रंथ, जात, जमात, इतिहास यांकडे होता आणि खोऱ्याचा छेद काढण्याची शिकवण विभागातून हळूहळू नाहीशी झाली. त्यांनीच पुढे पुण्याजवळच्या लोणीकंदाचा १८२० च्या सुमाराचा वृत्तांत घेऊन सव्वाशे वर्षांनंतरचे गाव त्याच्याशी पडताळून पाहिले, हा अपवाद. आणि हा अपवादच इथे कामाचा आहे, कारण त्यात जुन्या नोंदीकडे परत जाणे आहे. आजच्या अभ्यासक्रमांत नेमके तेच नाही. प्रत्येक तुकडी गावाला पहिल्यांदाच शोधून काढते.

गेडिसचा छेद आता रोह्याच्या कुंडलिका नदीवर ठेवून पाहू. भिऱ्याच्या डोंगरात सुरुवात, कोलाड, धाटाव, रोहा-अष्टमी, मग खाडी आणि रेवदंड्याला समुद्र. डोंगरात कातकरी आणि धनगर, खाली भातशेती, धाटावला रासायनिक कारखान्यांचे कामगार, रोह्याला बाजार, मुखाशी कोळी. छेद सुंदर बसतो. फक्त एक अडचण आहे. नदीतले बरेचसे पाणी या खोऱ्याचे नाही. ते सह्याद्रीच्या पलीकडचे आहे, मुळशीचे.

मुळा नदी अडवून टाटांनी धरण बांधायला घेतले, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला. बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा हरला, गावे बुडाली आणि १९२७ च्या सुमाराला पाणी कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरू लागले. मुळा-भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला जायला लागले. काळ पाहा: गेडिस मुंबईत नदीखोऱ्याचे पाठ देत होता ती वर्षे १९१९ ते १९२४, आणि मुळशीत नदीखोरेच उलटे फिरवले जात होते तीही साधारण हीच वर्षे. रोह्याचा विद्यार्थी या पाण्याला आपली नदी म्हणतो. तो चुकत नाही, पण त्या नदीचे बिल दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसांनी भरलेले आहे.

आज त्या पाण्यावर डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघतात, कारखाने चालतात, नळ वाहतात. कोलाडचे राफ्टिंग सकाळी होते, कारण वीजगृहातून पाणी त्या वेळी सुटते. म्हणजे मुंबईतल्या दिव्यांचा आणि कुंडलिकेतल्या लाटांचा एकच किल्लीवाला आहे. याच नदीत धाटावच्या सांडपाण्याचा वर्षानुवर्षांचा वाद आहे आणि याच नदीचा रोह्यातला काठ संवर्धनाच्या नावाने सुशोभित झाला आहे. सुशोभीकरणाची चेष्टा करणे मला पटत नाही. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना नदीकाठी बसता येणे ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि गरिबांच्या बाकड्याला नावे ठेवणारे बहुधा स्वतःच्या गॅलरीत बसून बोलत असतात. पण शिक्षकाने विद्यार्थ्यांना काठावर बसवून काठाचेच चित्र काढायला सांगितले, तर त्याने मुळशी आणि धाटाव ही दोन्ही टोके कापून टाकली. उरला मधला फोटो.

प्लेसमेकिंग ही कल्पना आली न्यूयॉर्कहून. विल्यम व्हाइटने सत्तरच्या दशकात तिथल्या चौकांत कॅमेरे लावून माणसे कुठे बसतात, ऊन कुठे घेतात, उठून का जातात हे पाहिले. ‘माणसे जिथे बसायला जागा असते तिथे बसतात’ इतक्या साध्या निष्कर्षासाठी त्याने घेतलेली मेहनत थोर आहे. पण त्या चौकांची फरशी रोज कोण पुसतो, कचरा कोण उचलतो, हे तिथे गृहीत धरता येत होते. त्यासाठी महानगरपालिका होती, इमारतीचे मालक होते. पेणच्या बाहेरकाठ्याला किंवा हमरापूरच्या शेडला ते गृहीत धरता येत नाही. जे तिथे पार्श्वभूमीला होते तेच इथे मुख्य आहे. व्हाइटची पद्धत इकडे आणताना आपण तिचा सोपा अर्धा आणला.

ठिकाण घडवण्याची एक मोठी घटना पेणमध्ये झाली आणि तिच्यात बाक नव्हते, मतपेट्या होत्या. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली हजारो हेक्टर जमीन घेण्याचा प्रस्ताव होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणारी पेणमधली गावे अडून बसली. एन. डी. पाटील, उल्का महाजन, वैशाली पाटील अशांच्या आंदोलनानंतर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणमधल्या २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. भूसंपादनाच्या प्रश्नावर असे मतदान देशात पहिल्यांदाच होत होते. मत विरोधात गेले, पुढे प्रकल्प बारगळला. या लढ्यात शेतकऱ्यांचा सर्वांत जड मुद्दा भावनेचा नव्हता. आमची जमीन धरणाच्या लाभक्षेत्रात आहे, ती ओलिताची होणार आहे, मग ती ओसाड म्हणून कशी घेता, असा तो मुद्दा होता. लाभक्षेत्राचा नकाशा, गट नंबर, सातबारा, अधिसूचनेतली कलमे, हे सगळे गावकऱ्यांनी वाचायला शिकून घेतले. विद्यापीठात ज्याला संशोधन म्हणतात ते हेच. शिकवायला मात्र कार्यकर्ते होते. प्राध्यापक फार थोडे होते. हेटवण्याच्या पाण्याचा मोठा वाटा नवी मुंबईला गेला आणि खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओरड राहिली, हा त्या गोष्टीचा पुढचा भाग. तोही कुणीतरी विद्यार्थ्यांना सोपवायला हवा.

याच जिल्ह्यात विद्यापीठीय संशोधन नीट झाल्याचे एक उदाहरण आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. कातकरी वाड्या. पेण, रोहा, सुधागड, कर्जत, सगळीकडे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्या घराखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याची. फार्महाऊस आणि प्लॉटिंगचा भाव वाढला तसा मालक कुंपण घालू लागला. वाडीला गावठाण नाही म्हणून रस्ता नाही, दिवा नाही, आणि उद्या हाकलले तर दाद नाही. डॅनियल बकल्स हा कॅनडातल्या विद्यापीठाशी जोडलेला संशोधक आणि कर्जतजवळच्या कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर यांनी बंसी घेवडे यांच्या मदतीने इथे काम केले. त्याचे पुस्तक २०१३ मध्ये आले. वाड्यांची मोजदाद करायची, कुठली वाडी कुणाच्या जमिनीवर आहे ते शोधायचे, आणि वाडीतल्या माणसांनीच बसून ठरवायचे की मालकाशी बोलायचे, गावठाणासाठी अर्ज करायचा, की थांबायचे. माहिती गोळा करणारे आणि ती वापरणारे तेच. मिलिंद बोकीलांनी कातकऱ्यांवर मराठीत लिहिले तेव्हाही विकास की विस्थापन हाच प्रश्न समोर ठेवला होता. विनोबांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोद्यात झाला. भूदानासाठी देश पायी तुडवणाऱ्या माणसाच्या तालुक्यात घराखालची जमीन हा आजही चालू विषय आहे, हे कुठल्याही शिक्षकाला धडा म्हणून पुरेसे आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. शिक्षकाने कार्यकर्ता व्हायचे का? विद्यार्थी वर्गात शिकायला येतात, मोर्चात नाही. आक्षेपात तथ्य आहे. वीस वर्षांच्या मुलांना एका बाजूचे घोषणापत्र पाठ करायला लावणारा शिक्षक मलाही नको. बांध परत घालावा की तिवरे राखावी, यावर वर्गात दोन तट पडावेत आणि दोघांनाही आपली बाजू खाचराच्या पातळीवर सिद्ध करावी लागावी. शिक्षकाने आपले मत राखून ठेवले तरी चालेल. पण गावात बसून काढलेला नकाशा, गोळा केलेले सातबारे, फेरफार, मोजमापे गावाला मराठीत परत न देणे याला तटस्थपणा म्हणता येत नाही. त्यात एका बाजूला माहिती मिळते, दुसरीला मिळत नाही, एवढेच.

मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञान पर्यायांचे केंद्र आहे. तिथले मिलिंद सोहोनी बरीच वर्षे हेच मांडत आले आहेत, की महाविद्यालयाने आपल्या परिसरातली नळयोजना, एसटी, वीटभट्टी हे अभ्यासाचे विषय मानावेत आणि अहवाल पंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या उपयोगी पडावा. उन्नत महाराष्ट्र अभियान २०१६ मध्ये त्याच विचारातून आले. या मांडणीशी माझे भांडण नाही, भीती वेगळी आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग यांना श्रेयांक दिले. हजारो विद्यार्थी खेड्यात जाणार. मोबाइलवरचा फॉर्म, वीस प्रश्न, होय किंवा नाही, शेवटी वर्तुळाकार आलेख. गावकऱ्याला तेच प्रश्न दर वर्षी नव्याने विचारले जाणार. त्याच्या चहाचा आणि वेळेचा हिशेब कुठल्याही श्रेयांकात नाही.

आणि हे सगळे शिकवणार कोण? मुंबईचा प्राध्यापक निधी आणतो, त्याला वेळ असतो, पण त्याला आगरी बोली कळत नाही आणि दोन वर्षांनी त्याचा विषय बदलतो. पेण-रोह्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला बोली येते, त्याचा मामा वाशीला आणि सासर कोलाडला असते, पण तो अनेकदा तासिका तत्त्वावर असतो. घड्याळी तासांचे पैसे, तेही उशिरा. पुढच्या जूनला आपण इथे असू का, हे त्याला माहीत नसते. ज्याची स्वतःची जागा पक्की नाही, त्याच्याकडून आपण ठिकाणाच्या दीर्घ अभ्यासाची अपेक्षा करतो. मग तो काय करील? शोधनिबंधाचे गुण मिळतात तिकडे जाईल. दोष त्याचा नाही. कुठल्याही प्लेसमेकिंग प्रकल्पातली पहिली दुरुस्ती माझ्या मते ही आहे, की स्थानिक महाविद्यालयात निदान एक माणूस दहा वर्षे राहील अशी नेमणूक व्हावी. बाक नंतर पाहू.

असा माणूस मिळाला तर अभ्यासक्रमाचे पंचांगही बदलावे लागेल. आपल्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, कारण हवा छान असते. खारेपाटात बांध फुटतो तो पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणांना, आषाढ ते भाद्रपद. मूर्तींच्या कारखान्यातली खरी धांदल त्याच दिवसांत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला निघून जातात, म्हणजे सहलीला वाडी रिकामी भेटते आणि अहवालात ‘स्थलांतरामुळे प्रतिसाद कमी’ असे येते. प्रतिसाद कमी नव्हता, विचारणारा अवेळी आला होता. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान एक पावसाळा बांधावर जावा. महाविद्यालये म्हणतील, जोखीम आहे. आहेच, गावाला ती दर वर्षी आहे. धोका टाळून, वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, उघाडीवर उभे राहून एक भरती आणि एक ओहोटी पाहता येते.

परीक्षा कशी घ्यायची, यावर माझे मत जरा जुनाट आहे. गुण शिक्षकानेच द्यावेत, गावकऱ्यांना परीक्षक करू नये. त्यांच्याकडे बिनपगारी कामे आधीच पुरेशी आहेत. पण ग्रामसभेत नकाशा मांडल्यावर ‘ही खांड इथे नाही, तिथे आहे’ असे कुणी म्हटले, तर तो नकाशा दुरुस्त होईपर्यंत गुण रोखावेत. पुढच्या तुकडीने नवा नकाशा काढू नये, मागच्याच नकाशावर यंदाच्या खांडी, बंद पडलेल्या उघाड्या, नव्याने आलेली कुंपणे मांडावीत. दहा तुकड्यांनंतर तो दस्तऐवज खारभूमी खात्याकडेही नसेल असा होईल, आणि निविदा निघेल तेव्हा गावाला बोट ठेवायला काहीतरी असेल.

खर्चाचा तक्ताही नव्याने आखावा लागेल. त्यात आत्ता बसचे डिझेल असते, नाश्ता असतो, पोस्टरची छपाई असते, पाहुण्या परीक्षकाचे मानधन असते. विद्यार्थ्यांना दिवसभर बाहेरकाठ्यावरून फिरवणाऱ्या, बिळे दाखवणाऱ्या, भरतीच्या आधी सगळ्यांना परत आणणाऱ्या शेतकऱ्याची मजुरी नसते. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. ती मजुरी पाहुण्या परीक्षकाच्या मानधनाइतकीच धरावी, आणि बस सुटायच्या आधी द्यावी.